फुप्फुस दाखवायला परळला

मुंबईहून माणूस परत आलं की आमच्या गावात पहिला प्रश्न असतो, "काय काय बघितलंत?" मी आणि माझी थोरली जाऊ (मी त्यांना वहिनी म्हणते) ह्या वैशाखात तीन आठवडे मुंबईत राहून आलो. आम्ही बघितलं ते असं: रक्ताच्या नळ्यांच्या झाकणांचे रंग, बाकांचे तीन प्रकार (पाठ असलेले, पाठ नसलेले आणि आधीच कुणीतरी बसलेले) आणि एका फुप्फुसाचे इतके फोटो, की वहिनींच्या लग्नातसुद्धा तेवढे काढले नव्हते.

तरी लिहायला बसले, त्याला कारण आहे. राजापूरच्या बाजारात हल्ली कुणी ना कुणी बाई मला बाजूला घेते आणि आवाज खाली आणून विचारते, "शैलावहिनी, तुम्ही परळला गेला होतात ना? कसं असतं हो तिथे?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून जबडा दुखायला लागला. म्हणून एकदाच लिहून काढते. एस.टी.च्या प्रवासाबद्दल काही सांगत नाही. माझ्या कमरेला विचारा.

वहिनी चौसष्ट वर्षांच्या. विडी-सिगारेट सोडाच, आमच्याकडच्या बायका दाताला मशेरी लावतात तीही त्यांनी कधी लावली नाही. दिवाळीत खोकला सुरू झाला. आमच्याकडे खोकला लांबला की आधी टीबीच समजतात, तसा समजून चार महिने गोळ्या झाल्या. वजन उतरत गेलं, खोकला तसाच. शेवटी रत्नागिरीला तुकडा काढून तपासला, तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, "ह्याच्यावर आता नवी औषधं आली आहेत. पण आधी कॅन्सर कुठल्या जातीचा ते मुंबईत बघून घ्या. ब्लॉक सोबत न्या."

मोठ्या दिरांना गुडघे, आमच्या ह्यांना आंबे. उरले मी.

लालबाग

उतरलो माझ्या मावसभावाकडे. भाऊ दिवसभर शिवडीला गोदामात असतो, म्हणून घर म्हणजे त्याची बायको नलू, सून आणि सहा महिन्यांची नात. ज्या चाळीत त्याचे वडील गिरणीच्या तीन पाळ्या करून जगले, तिच्या जागी आता टॉवर आहे आणि हे बाराव्या मजल्यावर राहतात. नलू मूळची कणकवलीकडची. तीस वर्षं मुंबईत राहून तिच्या बोलण्यातला मालवणी हेल तसाच आहे.

दारातच तिने वहिनींना धरलं. "काय गो वहिनी, कशी सुकलंस! चल, आधी जेवक बस. बांगडो केलंय."

वहिनी पहिला घास घेणार तेवढ्यात खिडकीतून मिरची आली. मिरची म्हणजे तिचा वास. लालबागच्या त्या गल्ल्यांत वैशाखात सगळ्या मुंबईचा मसाला कांडला जातो. खाली यंत्रं धडधडत होती, परातीत मिरच्या भाजल्या जात होत्या आणि तो खाट, नाकाला झोंबणारा धूर, बारा मजले चढून नेमका आमच्या ताटापाशी येऊन बसला. वहिनी खोकायला लागल्या ते थांबेनात. सून बाळाला घेऊन आत पळाली, नलू ओले टॉवेल घेऊन खिडक्यांकडे धावली.

"माझ्या लक्षातच ईला नाय गो," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "आमका वासच येना नाय आता."

मला वाटलं होतं, मुंबईत फुप्फुसाला घेऊन यायचं तर धूर आणि गाड्या सांभाळायच्या. मालवणी मसाल्याने पहिला फटका दिला. त्या दिवसापासून आम्ही सकाळी यंत्रं सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचो आणि ती थांबल्यावर घरी यायचो. त्यामुळे मुंबई बरीच पाहून झाली. पाहायची नव्हती तीसुद्धा.

परळ

परळमधलं आमचं इस्पितळ आतून स्वच्छ आणि थंड होतं. बाहेरच्या फुटपाथवर मात्र सगळा देश अंथरूण घालून बसलेला. बिहारची माणसं होती, बंगालची होती, आमच्या शेजारी बीडचं एक जोडपं होतं. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत फिल्मा. आमच्या गावात लग्नाला निघालेला माणूस आहेराच्या पिशवीवरून ओळखू येतो, तसा इथे.

आत नंबर लागायला तीन तास. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीच्या वयाची बाई. तिने फिल्म दिव्यावर लावली आणि माझ्याकडे बघून इंग्रजीत सुरुवात केली. वहिनींनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"मला सांगा. हिला नको. ही मला निम्मंच सांगेल आणि निम्म्यात स्वतःचं घालेल."

डॉक्टर हसली. मग तिने खुर्ची वहिनींकडे वळवून जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. पूर्वी फुप्फुसाचा कॅन्सर म्हटला की बहुतेकांना सलाइनमधून साधारण सारखंच औषध द्यायचे. आता आधी गाठीच्या पेशी तपासतात. पेशीच्या आत जी लिखापढी असते, तिच्यात एखादी ठरावीक चूक झालेली असली तर नेमकी ती चूक दाबून धरणारी गोळी असते. रोज एक, घरी बसून घ्यायची. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत ही चूक बऱ्याचदा सापडते. सापडली नाही तरी दुसरे मार्ग आहेत, सलाइन आहे, शरीरातल्या पहारेकऱ्यांना जागं करणारी इंजेक्शनं आहेत. पण ते इस्पितळात येऊन, महिन्यातून एकदा तरी.

"म्हणजे चूक सापडली तर मी घरी," वहिनी म्हणाल्या, "आणि नाही सापडली तर फुटपाथवर त्या बीडवाल्यांच्या शेजारी."

"तसं नाही हो आजी..."

"तसंच आहे. पण ठीक आहे. शोधा चूक."

पुढे सगळे दिवस आम्ही ह्याच एका गोष्टीवर टांगलेल्या होतो. माणसं देवाजवळ मागतात, चूक नको होऊ दे. आम्ही चूक सापडू दे म्हणून बसलो होतो.

मग एक सिस्टर कागद घेऊन आली. तंबाखू? नाही. घरात कुणी ओढतं? नाही. स्वयंपाक कशावर?

"चुलीवर," वहिनी म्हणाल्या.

"किती वर्षं?"

"चाळीस."

सिस्टरने लिहिलं, आणि मी त्या आकड्याकडे बघत राहिले. का, ते आता सांगते. तोवर घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा बावीसची होते. वहिनी आधीच आठ वर्षं घरात होत्या. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला चुलीपुढे बसवलं. लाकडं ओली, डोळ्यांची आग, फुंकून फुंकून गाल दुखले. तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या देखत अशी काही खोकले, की दारातला कुत्रा उठून गेला. म्हटलं, "मला लहानपणी दमा होता." सासूबाई म्हणाल्या, "मग हिला चुलीपासून लांब ठेवा." झालं. चूल वहिनींकडे गेली. गुरं, पाणी आणि बाजार माझ्याकडे. दमा टिकवणं काही सोपं नसतं. थंडी पडली की आठवणीने खोकावं लागतं. सासूबाई गेल्यावर दमा हळूहळू सोडून दिला, पण वहिनींनी चूल सोडली नाही. गॅस आला तरी भाकऱ्या चुलीवरच.

तेव्हा कागदावरच्या त्या चाळिसातली तीस-चौतीस वर्षं माझी होती. निदान निम्मी तरी.

त्यात सिस्टरने पुढचा प्रश्न विचारला. "घरात आणखी कुणाला श्वासाचा त्रास?"

"हिला दमा आहे ना," वहिनी म्हणाल्या. "पूर्वी फार होता."

मी पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

शोधायचं खरोखरच होतं, कारण आता ब्लॉक द्यायचा होता. ब्लॉक म्हणजे मेणाची लहानशी वडी. फुप्फुसातून काढलेला कण तिच्यात जपून ठेवलेला असतो. तपासायच्या खिडकीतल्या माणसाने डबी उघडली आणि दिव्याखाली धरली.

"ताई, हे लाल काय आहे?"

"कुंकू."

"ब्लॉकवर?"

आमच्याकडे रीत आहे. मुलांचा निकाल, नव्या स्कूटरची चावी, लग्नाची पहिली पत्रिका, जे जे महत्त्वाचं घरात येतं ते आधी देवापुढे ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मग पुढचं काम. ह्या वडीपेक्षा महत्त्वाचं घरात वर्षभरात काय आलं होतं? निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ती डबीतून काढून समईपुढे ठेवली. नमस्कार करून अंघोळीचं पाणी तापवायला गेले. वैशाखातला उकाडा आणि समईची ऊब. परत येऊन बघते तर वडीचा एक कोपरा ओघळलेला आणि कुंकू त्यात बसलेलं. मी नखाने जरा साफ केलं आणि डबी बंद केली.

"नखाने?" खिडकीतला माणूस म्हणाला.

"जरासंच."

त्याने मागे वळून दुसऱ्याला हाक मारली. दोघांनी मिळून वडी बघितली. "पंचवीस वर्षं ब्लॉक घेतोय," दुसरा म्हणाला. "पूजा करून आलेला हा पहिला. नारळ नाही आणला?"

वहिनी बाकावर बसून हे सगळं ऐकत होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षता नाही टाकल्यास, नशीब."

दोन दिवसांनी दुपारी निरोप आला. मेण पुन्हा नीट करून बघितलं, पण आतला कण मुळातच लहान होता. कॅन्सर आहे एवढं दिसतं, चूक शोधण्याइतका ऐवज उरला नाही. मी डॉक्टरपुढे उभी राहिले तेव्हा शाळेत शाई सांडल्यावर उभी राहायचे तशी होते.

"तुमच्यामुळेच असं नाही म्हणता येणार," ती म्हणाली. "कण लहानच होता. पण कुंकवाने मदत काही केली नाही."

दादर

डॉक्टरने दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, सगळ्या शरीराचा स्कॅन. तो दादरला एका ठिकाणी. दुसरी, रक्ताची तपासणी. गाठीच्या पेशी मरतात तेव्हा त्यांचे बारीक बारीक तुकडे रक्तात फिरत राहतात, आणि आता ते दंडातून काढलेल्या रक्तात ओळखता येतात. म्हणजे फुप्फुसात पुन्हा सुई घालायच्या आधी चूक रक्तातच सापडते का बघायचं. सापडली तर काम झालं. नाही सापडली तर मात्र नाहीच असं नव्हे. मग पुन्हा तुकडा.

स्कॅनच्या आधी इंजेक्शन देतात आणि स्कॅननंतर सांगतात, आज दिवसभर लहान मुलं आणि गरोदर बाया ह्यांच्यापासून लांब राहा, अंगातून थोडी किरणं जातात. नलूकडे तर सहा महिन्यांची नात. मग जायचं कुठे? रिक्षा तिथे चालत नाहीत, टॅक्सीवाल्याने विचारलं, "शिवाजी पार्क सोडू का, हवा असते." तिथल्या कट्ट्यावर जाऊन बसलो. वहिनी एका बाजूला, मी चार हात लांब.

"तू कशाला लांब? तू गरोदर आहेस?"

मी जवळ सरकले. समोर मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. कट्ट्याच्या कडेने म्हातारी माणसं चालत होती, सगळी पायात बूट घालून, हात हलवत. आमच्याकडे ह्या वयाचं माणूस असं चालताना दिसलं तर लोक विचारतील, कोण गेलं?

"सगळी श्वास मोजून घेताहेत," वहिनी म्हणाल्या. आम्ही दोघी तिथे पाच तास बसलो, दोनदा पाणी प्यायलो, एकदा चणे खाल्ले. मी बसल्या बसल्या झोपले. जागी झाले तेव्हा वहिनींनी माझी चप्पल उन्हातून सावलीत ओढून ठेवली होती.

स्कॅनमध्ये गाठीशिवाय हाडांतही दोन ठिकाणी खुणा दिसल्या. म्हणजे कापून काढायचा मार्ग मिटला. आता जी काही आशा होती ती गोळीची.

पुन्हा परळ

रक्त दिलं त्याच दिवशी श्वास मोजायच्या खोलीत पाठवलं. पुढे तुकडा काढायची वेळ आलीच तर फुप्फुसात जोर किती आहे ते माहीत हवं. तिथे मिस डिमेलो म्हणून एक बाई होती, पन्नाशीची, गिरगावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी, गळ्यात क्रूस आणि आवाज वर्गाच्या मॉनिटरचा. वहिनींच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली.

"आंटी, छाती भरून श्वास घ्या आणि फुंका. फुंका, फुंका, फुंका, थांबू नका! अरे, थांबलात."

तीनदा झालं. वहिनींना नेमकं काय करायचं ते उमजेना आणि त्या दमून गेल्या. मिस डिमेलो माझ्याकडे वळली. "तुम्ही या. एकदा करून दाखवा, त्या बघतील आणि करतील."

"तिला नको," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "तिला दमा आहे."

"मग तर बघूच या," मिस डिमेलो म्हणाली, आणि नवी नळी बसवली.

मला पळून जावंसं वाटलं. अर्धवट फुंकावं असंही मनात आलं. पण समोर वहिनी बघत होत्या, शिकायला. मी चुकीचं फुंकलं तर त्या चुकीचं शिकतील. मी छाती भरली आणि फुंकलं. पडद्यावर रेघ उभी चढली, मग डौलात उतरत गेली. मिस डिमेलो खुर्चीत मागे रेलली.

"कोण बोललं दमा? डॉक्टर?"

"सासूबाई," मी म्हटलं.

"ही लंग्ज बघा. माझी मुलगी कॉलेजात आहे, तिची पण अशी नसतील. तुम्हाला काय दमा नाही, आणि कधी होता असं पण मला वाटत नाही."

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पदर सारखा केला, नळी तोंडात घेतली आणि पहिल्या फटक्यात बरोबर फुंकलं.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चला शैलाबाई."

वहिनी रागावल्या की मला अहो-जाहो करतात. चौतीस वर्षांत तिसरी वेळ.

गिरगाव

रिपोर्टला दहा दिवस लागणार होते. गावी जाऊन परत येण्याची ताकद दोघींत नव्हती. नलू रोज विचारायची, "काय गो, दोघींचा भांडाण झाला काय?" आणि मी म्हणायचे, नाही गं, उकाडा आहे.

एका सकाळी वहिनी म्हणाल्या, "शैलाबाई, गिरगावात जाऊ या. तुम्हाला वेळ असला तर."

वहिनींचं माहेर गिरगाव. गिरगावातली मुलगी आमच्या खेड्यात दिली, हे मला माहीत होतं, पण ते माहीत असणं म्हणजे जमिनीचा सातबारा माहीत असण्यासारखं. विचार कधी केला नव्हता. टॅक्सीतून उतरलो तर त्यांची चाळ असायची तिथे मेट्रोचं काम होऊन नवा रस्ता आणि काचेची इमारत. वहिनी फुटपाथवर उभ्या राहून बोटाने हवेत मजले मोजत होत्या. दुसरा मजला, उजवीकडून चौथी खोली.

"आमच्याकडे वातींचा स्टोव्ह होता," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "लग्न ठरलं तेव्हा आईने विचारलं, तिकडे कशावर करतात? मध्यस्थ म्हणाले, सगळ्या सोयी आहेत."

मला बोलायचं होतं. म्हटलं एवढंच, की ऊन लागतंय.

जवळच्या एका जुन्या खानावळीत गेलो. वहिनींनी पियुष मागवलं, पिवळसर, घट्ट, जायफळ घातलेलं. गावी आम्ही ताक पितो आणि त्याचं कौतुक करतो. हे प्यायल्यावर वाटलं, ताकाबद्दल आपण जरा जास्तच बोलतो. वहिनी अर्धाच पेला प्यायल्या. चव लागत नव्हती. उरलेलं त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "घ्या. तुमचं सगळं चांगलं आहे."

मी ते प्यायले. इतकं गोड काही इतक्या कष्टाने मी कधी गिळलं नव्हतं.

रिपोर्ट

दहाचे तेरा दिवस झाले. त्या तीन दिवसांत मी नलूच्या घरातले सगळे डबे घासले.

डॉक्टरने कागद वहिनींपुढे ठेवला. "सापडली," ती म्हणाली. "रक्तातच सापडली. ज्या चुकीवर गोळी आहे तीच."

वहिनींनी कागदावर हात ठेवला. "म्हणजे मी बरी होणार?"

"खरं सांगू?"

"खोटं ऐकायला मी चारशे किलोमीटर आले नाही."

"मुळापासून जाणार नाही. गोळी गाठीला दाबून ठेवते, बऱ्याच जणांत चांगलं दाबून ठेवते. खोकला कमी होईल, वजन येईल, घरातलं करू शकाल. पण कधीतरी पेशी दुसरी वाट काढतात. कधी, ते आज सांगता येत नाही. तेव्हा पुन्हा तपासू आणि त्या वेळी जे असेल ते बघू. दर वर्षी काहीतरी नवं येतंय."

वहिनींनी मान हलवली. बाजारात भाव पटल्यावर हलवतात तशी.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "डॉक्टर, हे चुलीमुळे झालं का?"

"धुराने धोका वाढतो," ती म्हणाली. "पण हीच चूक मला ह्याच दक्षिण मुंबईत जन्मभर गॅसवर स्वयंपाक केलेल्या बायकांत दिसते. ह्यांच्यात ती कशाने झाली, ते कुणालाच सांगता येणार नाही."

सुटकाही नाही, शिक्षाही नाही. मी एवढी थकले होते की दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

लालबाग, शेवटचा दिवस

विचारणाऱ्या बायकांसाठी गोळीचं सांगून ठेवते. रोज एक, ठरल्या वेळी. सुरू करायच्या आधी हृदयाची पट्टी काढतात. पोट बिघडतं, चेहऱ्यावर पुरळ येतं, नखांच्या कडा दुखतात. आमच्याकडे हे तिन्ही झालं. दुसरं कुठलंही औषध, काढासुद्धा, विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. दर तीन महिन्यांनी स्कॅन. पहिला झाला, गाठ लहान झाली आहे. खोकला रात्रीपुरता उरलाय. पुढचं माहीत नाही.

पहिली गोळी वहिनींनी नलूच्या आतल्या खोलीत घेतली, सकाळी आठ वाजता. मी पाण्याचा पेला धरून उभी होते. गोळी गेली, पाणी गेलं, आणि मी म्हटलं, "वहिनी, मला दमा कधीच नव्हता."

"माहीत आहे."

"मिस डिमेलो म्हणाली तेव्हा..."

"तेव्हा नाही. तू आलीस त्या पहिल्या पावसाळ्यात. सुटलेल्या वासरामागे तू बांधावरून धावत गेलीस आणि येताना गाणं म्हणत आलीस. दमेकरी गाणं म्हणत येत नाही."

मी खाली बसले. "मग चौतीस वर्षं बोलला का नाहीत? आणि आता दोन आठवडे ते शैलाबाई, शैलाबाई?"

"आता राग आला. मशीनवर ती रेघ बघून आला. माझी अशी, तुझी तशी. राग यायला कारण लागतं होय?" त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "आणि तेव्हा बोलले नाही, कारण मला चूल हवी होती. सासूबाईंना धूर सोसायचा नाही, त्या आत यायच्या नाहीत. सरपणामागे माझी पुस्तकं असायची, वाचनालयातून पोरांच्या नावावर आणलेली. भाकरी एका हाताने, पान एका हाताने. घरातली तेवढीच जागा माझी. तुझा दमा बरा झाला असता तर तू येऊन बसली असतीस, आणि बसली असतीस म्हणजे बोलली असतीस. माझं वाचन संपलं असतं."

हे खरं होतं, की माझ्यासाठी तिथल्या तिथे रचलेलं, मला अजून कळलेलं नाही. खोटं बोलण्यात मी इतकी वर्षं मुरलेली; समोरच्याचं ओळखू यायला हवं होतं. त्यांच्या तोंडाकडे बघून काही समजलं नाही. माझे डोळे भरले आणि मला हुंदका आवरेना.

वहिनींनी दाराकडे पाहिलं आणि माझा खांदा दाबला.

"रडू नकोस. नलू बाहेर बसलीय. तिला वाटेल, रिपोर्ट वाईट आला."